जावयाची लाकडं

हितेशला मुलगी झाली मंगळवारी सकाळी, आणि पुढच्या चार दिवसांत ती त्यानं पाहिली सगळी मिळून दीड मिनिट. बाळ जन्मलं तेव्हा हा गडी उरणला, बंदराबाहेरच्या रांगेत ट्रेलर घेऊन उभा होता. फोन आल्याबरोबर त्यानं ट्रेलर चुलतभावाच्या गळ्यात मारला, मोटारसायकलला किक मारली आणि माणगावच्या दवाखान्यात पोचला, तोवर भेटायची वेळ संपत आली होती. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्यासमोर धरलं. त्याला एक नाक दिसलं आणि एक मूठ. बाकीची मुलगी दुपट्यात होती. "बघितलं ना?" म्हणून नर्स आत गेलीसुद्धा. त्या घडीपासून आपल्या ह्या गड्याचा एकच ध्यास होता. दुपटं सोडायचं आणि मुलगी पुरती बघायची, कानापासून पायाच्या करंगळीपर्यंत.

आता बापानं आपल्या मुलीला बघायचं, ह्यात अडायचं काय? काहीच नाही. पण मध्ये लाकडं आली.

प्रणाली, म्हणजे हितेशची बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं माहेर माणगावपासून आत, भातखाचरांच्या कडेला. तिथं राज्य प्रणालीच्या आईचं, कोकिळाबाईंचं. घरात दोन वर्षांपूर्वी मुलानं मुंबईहून आणून बसवलेला गिझर होता, पण कोकिळाबाई त्याच्या नळीवर पायपुसणी वाळत घालायच्या. बाळंतिणीला सव्वा महिना तांब्याच्या बंबातलंच कडकडीत पाणी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, खोली अशी उबदार की बाहेरच्यानं आत पाऊल टाकलं तर घाम फुटावा. पौषातल्या सकाळी तिकडे थंडीही बरी पडते.

"गिझरच्या पान्यानं अंग वलं व्हतं, शेकत न्हाय," हा त्यांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

पण शेकायला लाकूड लागतं, आणि यंदा त्याचीच पंचाईत होती. लाकडं आणायचे ते सासरेबुवा बाळाजी, आणि त्यांच्या गुडघ्याचं पावसाळ्याआधी ऑपरेशन झालेलं. रानात जाणं बंद. मागच्या वर्षीची गंजी जेमतेम पंधरवडा पुरेल इतकी उरली होती. डोहाळजेवणाला बायकांत ह्याच विषयावर चर्चा चालली असताना आपला हितेश, पोटात तीन वाट्या बासुंदी गेलेली, मध्येच उठून म्हणाला, "आई, लाकडांचं टेन्शन सोडा. लाकडं माझ्याकडे लागली."

सगळ्या बायकांनी त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. जावई साडी आणतात, पेढे आणतात. लाकडं आणणारा जावई त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. हितेशची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं.

बोलला ते उगाच नव्हे. त्याच्या उरणच्या घरामागे एक लाकडाची मिल आहे. कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी तिथं खोकी बनतात. आंब्याचा ओंडका करवतीवर चढला की आधी त्याच्या चारी बाजू उतरवतात. सालीकडून ज्या लांब पट्ट्या निघतात, एका अंगानं गोल खरबरीत आणि दुसऱ्या अंगानं सपाट, त्यांचं खोकं होत नाही. अशी सालपटं मिलच्या मागे ढिगानं पडलेली असतात, आणि कोणी उचलून नेली तर मालकालाच सुटल्यासारखं वाटतं. ना कुऱ्हाड मारायला लागत, ना फोडायला. गुडघ्यावर ठेवून मोडली की बंबात. फक्त ती ओली असतात. वाळवायला हवीत.

वाळवायचं कुठं, हे हितेशच्या वडिलांना कोणी विचारायची गरज नव्हती. धर्माबाबांचा जन्म मिठागरात गेलेला. आता मीठ फारसं पिकत नव्हतं, पण चार कप्पे अजून राखून होते. पापड, बोंबील, गादी, पोराची भिजलेली शाळेची पुस्तकं, सगळं त्यांनी आजवर तिथंच वाळवलं होतं.

"मिठागराव सुकत नाय असा जगान कायबी नाय," ते म्हणाले, आणि बापलेकांनी दोन टेम्पो सालपटं एका मोकळ्या कप्प्यात अंथरली.

ऊन कडक होतं, वारा खारा होता. पण मार्गशीर्षातल्या पुनवेला उधाण जोराचं आलं, बांधाला भगदाड पडलं आणि कप्प्यात वीतभर पाणी शिरलं. चार दिवस लाकडं त्या पाण्यात लोळत पडली. मग पाणी उन्हानं आटलं, नेहमीसारखं, आणि लाकडं पुन्हा खडखडीत वाळली. त्यांच्यावर पांढरं काहीतरी चमकत होतं खरं. पण मिठागरातल्या माणसाला पांढरं काही चमकताना दिसलं तर तो थांबून बघतो थोडाच! त्याच्या पायाला, फावड्याला, चपलेला, बिडीच्या बंडलाला जन्मभर तेच लागलेलं असतं.

"वाजवून बघ," धर्माबाबांनी दोन सालपटं एकमेकांवर आपटली. खण्ण आवाज आला. "झांजा वाजल्यासारख्या वाजतान!"

अशी ती झांजांसारखी लाकडं टेम्पोत भरून हितेश रविवारी सासुरवाडीला निघाला. बाळाचा सहावा दिवस होता. वडखळपासून माणगावपर्यंत त्यानं रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला गाणं म्हणून दाखवलं.

सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं आणि लाकडांकडे बघून हरखल्या. "काय ही लाकडं! काय ही लाकडं! जावईबापू, लई देखणी आनलीत हो!" मग आत हाक मारली, "मैना, बंबात आज बापूंची लाकडं घाल गं. त्यांनी एवढी आनली, त्यांच्यासमोर जाळायला नको का?"

हा झाला रीतीभातीचा भाग. ह्या रीतीनंच पुढं घात केला, तेव्हा ध्यानात ठेवा. जावई घरात असला की त्याचं लाकूड जाळायचं, त्याचा मान म्हणून. जावई गेला की कोकिळाबाई पुन्हा आपल्या जुन्या गंजीतल्या काटक्या काढायच्या आणि हे देखणं लाकूड बारशाच्या स्वयंपाकासाठी जपून ठेवायच्या. घरोघरच्या सासवा करतात तेच त्यांनी केलं.

मैना म्हणजे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणारी शेजारीण. तिनं चार सालपटं मोडून बंबाच्या नळीत सोडली आणि बाळाला मांडीवर घेऊन तेल लावायला बसली. हितेश न्हाणीच्या दाराशी उकिडवा बसला. आता दुपटं सुटणार होतं. सुटलंच. दोन कान, पोटाचा नगारा, बेंबीला दोरा, आणि पाय, पायांना बोटं...

"आयला," हितेशच्या तोंडून निघून गेलं, "काय गोड आहे हो ही!"

आणि बंब तडतडला.

साधासुधा नाही. तड्‌तड्‌ तडाड्‌ तड्‌! नळीतून ठिणग्यांचं कारंजं उडालं, राख मैनेच्या पदरावर, बाळानं दचकून असा टाहो फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

कोकिळाबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांच्याकडे काय, सगळीकडेच, बाळाची दृष्ट काढतात. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन बाळावरून ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. जितक्या जोरात तडतडतील तितकी नजर जबर लागलेली. पण इथं तर कोणी मीठ ओवाळलंही नव्हतं, टाकलंही नव्हतं. न बोलावताच विस्तव बोलला होता! एवढी जबर नजर त्यांनी आपल्या साठ वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी घाईघाईनं खरोखरच मूठभर मीठ ओवाळून टाकलं, तर दुप्पट तडतडलं.

त्यांनी सावकाश मान वळवून जावयाकडे बघितलं. जावई अजून पायाच्या बोटांकडेच बघत होता. तीन बोटं त्याची बघून झाली होती.

"बापू," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "जरा बाहेर ओटीवर बसता का? च्या आनते."

चहा आला. बाळ आलं नाही. संध्याकाळी टेम्पो परत फिरेपर्यंत आलं नाही. हितेश गेला, सोमवारी जुन्या गंजीतल्या आंब्याच्या काटक्या पेटल्या, आणि बंब गोगलगायीसारखा गप्प. मंगळवारीही गप्प. कोकिळाबाईंच्या मनात आता काही शंका उरली नाही.

"आईबापाचीच नजर सगळ्यात वाईट," त्यांनी बाळाजींना सांगितलं. "मायेची असते ना, म्हनून. त्या बिचाऱ्याच्या मनात काय न्हाय. पन डोळं लई भुकेलं हायत त्याचं."

"अगं, बाप हाय तो तिचा," बाळाजी खुर्चीतून म्हणाले.

"म्हनूनच सांगते."

बुधवारी हितेश उरलेली लाकडं घेऊन आला, तो गॉगल लावून. प्रणालीनं फोनवर त्याला सगळं सांगितलं होतं. काळी काच मध्ये आली की नजरेला आडकाठी होईल, असा त्याचा सरळ हिशेब. गॉगल चांगला रुंद, कानापर्यंतचा होता. तो लावून हा इसम ओट्यावर चढताना समोरच्या अंगणातल्या दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

कोकिळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी रीतीप्रमाणं त्याचं लाकूड बंबात घालायला सांगितलं, रीतीप्रमाणं ते तडतडलं, आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. "गॉगलातनंबी जाते," त्या मैनेला म्हणाल्या. "उलट काळ्यातनं जास्त जाते."

मग ठरलं असं की हितेशनं ओटीवर खोलीकडे पाठ करून बसायचं. आता बघा, धा-बारा चाकांचा ट्रेलर एका हातानं मागं घेणारा हा गडी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून शाळेत शिक्षा झाल्यासारखा बसलेला, आणि आतून प्रणाली त्याला मुलगी ओरडून सांगते आहे.

"अहो, जांभई दिली!"

"कशी दिली?"

"मोठी! आता उचकी लागलीय! डावा कान अगदी तुमच्यासारखा आहे, वरनं जरा दुमडलेला!"

हितेशनं आपला डावा कान चाचपला. तीस वर्षं हा कान डोक्याला होता, पण त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. तो बराच वेळ कान धरूनच बसला.

"केस?" त्यानं विचारलं.

"भरपूर! कपाळावरसुद्धा!"

प्रणालीनं युक्ती काढली, व्हिडिओ कॉल लावला. घरातल्या घरात, एका भिंतीच्या अंतरानं. दोन सेकंद पडद्यावर काहीतरी गुलाबी हललं आणि मग सगळं काळं झालं. कोकिळाबाईंनी फोनच्या काचेवर बोटानं काजळ फासलं होतं. बाळाच्या अंगावर तर काजळाला जागा उरली नव्हती. तीट कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर, तिथून तळपायांवर पोचली होती. मुलगी गोरी की सावळी, हे सांगणं आता अवघड होतं.

हसू येईल कोणालाही, हितेशलाही येत होतं. पण परतीच्या वाटेवर रिकामा टेम्पो खडखडत असताना एकदम त्याच्या मनात आलं. समजा खरंच असेल तर? एरवी गप्प असणारा विस्तव आपण आलो की बोलतो, हे तर त्यानंही कानांनी ऐकलं होतं. आपल्या डोळ्यांतच काही असेल तर मुलीकडे न बघितलेलं बरं. जन्मभर न बघितलेलं बरं. पेणच्या अलीकडे त्यानं टेम्पो बाजूला घेतला, गॉगल काढला, आरशात स्वतःचे डोळे निरखून बघितले. साधे होते. जरा लाल होते, बस.

शनिवारी बारसं. उरणहून दोन गाड्या भरून माणसं आली. हितेशची आई कृष्णाबाई अंगावर असेल नसेल तेवढं सोनं घालून, धर्माबाबा नव्या टोपीत, बहीण अमिषा आत्याच्या तोऱ्यात. नाव काय ठेवायचं ते अमिषाच्या पोटात होतं आणि ते बाहेर पडू नये म्हणून ती सकाळपासून तोंड मिटून होती, ही एक नवलाची गोष्टच. अंगणात पाळणा सजला. मागच्या परसात गावचा आचारी दादू तीन दगडांच्या तीन चुली मांडून बसला होता. वर भाताचं, वरणाचं, बटाट्याच्या भाजीचं अशी तीन पातेली, आणि खाली, कोकिळाबाईंनी इतके दिवस जपून ठेवलेली, जावयाची लाकडं.

पाहुणे दारात शिरले आणि दादूनं चुली पेटवल्या. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.

तिन्ही चुली एका दमात फुटल्या. दादू उडी मारून मागं आला, हातातला झारा वरणात पडला. तड्‌तड्‌तड्‌तड्‌, थांबायचं नाव नाही, जणू दिवाळीचा माल कोणी एकदम पेटवला. मुलं टाळ्या वाजवायला लागली. कोकिळाबाई दोन्ही हात डोक्याला लावून अंगणात आल्या. समोर उरणची पंचवीस माणसं उभी, पन्नास डोळे.

"माझे आई!" त्यांच्या तोंडून निघालं. "आख्ख्या खानदानाचीच हाय की!"

"काय हाय खानदानाची?" कृष्णाबाईंनी विचारलं.

कोणीतरी सांगितलं. सांगायला नको होतं, पण अशा वेळी सांगणारं कोणीतरी असतंच. कृष्णाबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"आमची नजर? आमचे पोराची नजर वाकरी? आवो विहीनबाय, आमचे घरान चार बैल, दोन ट्रेलर, धा नातवंडां, कोनाला कंदी काय झाला नाय! चला रं, गारीन बसा. आमी जेवत नाय."

विहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. बाळाजी गुडघा सावरत उठायला बघत होते. खोलीच्या दारात प्रणाली बाळाला छातीशी धरून उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. हितेशनं ते पाणी बघितलं, आणि बाळाकडे बघायचं टाळून तो मध्ये पडला.

"आई, ए आई, थांब. कोणी कुठं जात नाही." मग सासूकडे वळून, "माझ्यामुळं होतंय ना? मी जातो मागं. पाळणा होऊ द्या, नाव ठेवा, जेवणं होऊ द्या. मी येत नाही समोर. तिला काही व्हायला नको, बस."

एवढं बोलून तो घराला वळसा घालून मागं गेला. कोकिळाबाईंनी त्याच्या पाठीकडे बघितलं आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं. जावई बारा दिवस मुलीसाठी तडफडतोय, हे त्यांना का दिसत नव्हतं? दिसत होतं. पण नात पण दिसत होती.

मागं लाकडांची गंजी होती, तिच्याआड दोन सालपटांवर हितेश बसला. समोरून बायकांची कुजबूज, मग अमिषानं खाकरून घसा साफ केल्याचा आवाज आला. पाळण्याला सुरुवात होत होती. आता मुलीच्या कानात "कुर्रर्र" होणार, आणि बाप लाकडांच्या आड. त्याला रडू आलं. मोठा माणूस, पण आलं. त्यानं तोंड फिरवलं तर त्याच्या शेजारी मैनेची शेळी उभी होती.

शेळी त्याच्याकडे बघत नव्हती. ती सालपट चाटत होती. चाटत म्हणजे डोळे मिटून, मन लावून. तिच्या पलीकडे दुसरी शेळी, तीही चाटत होती. गंजीच्या टोकाला दादूचा बैल दावं तोडून आलेला, त्याची हातभर जीभ सालीवरून वर-खाली फिरत होती. आणि गंजीची ती पूर्ण बाजू चाटून चाटून गुळगुळीत झालेली. जनावरं आज पहिल्यांदा आलेली नव्हती, रोज येत होती.

हितेश बघत राहिला. असं चाटणं त्यानं जन्मभर पाहिलं होतं. मिठागरावर पोती भरून ठेवली की गावातली गुरं अशीच येतात, अश्शीच डोळे मिटून. त्यानं गंजीतलं एक सालपट ओढून उन्हात धरलं. साल चमकली. त्यानं इकडं-तिकडं बघितलं, आणि जीभ लावली.

खारट! असं खारट की डोळे मिटले.

"बाबाऽऽ!" त्याची आरोळी गावाबाहेर गेली असेल. पाळण्याभोवतीच्या बायका वळल्या, तोवर हा वाघ मागून आला, एका काखेत चार सालपटं, तोंडाला भुसा लागलेला, मागून दोन शेळ्या आणि एक बैल.

"चाटा!" तो म्हणाला.

कोणी हललं नाही. जावयाला वेड लागलं असं सगळ्यांना एकदम वाटलं असणार.

"चाटा म्हणतो ना! आई, तू चाट!"

कृष्णाबाई पोराच्या बाजूनं विषसुद्धा प्यायल्या असत्या. त्यांनी लाकूड ओढून घेतलं आणि चाटलं. त्यांचा चेहरा आधी आक्रसला, मग उजळला, मग नवऱ्याकडे वळला.

"आवो, ही लाकरां तुमी कंय सुकवली?"

"मिठागराव," धर्माबाबा टोपी सावरत म्हणाले. "मंग कंय सुकवाची?"

"उधानाचा पानी शिरला तवा?"

"आला, गेला. लाकूड काय विरघलतं?"

"लाकूड नाय विरघलत," कृष्णाबाई म्हणाल्या, "पन मीठ र्‍हेतं ना त्यान! आन विस्तवान मीठ परला का काय होते?"

मग जे झालं ते त्या गावानं पुन्हा पाहिलं नाही. बाळाजींनी चाटलं. मैनेनं चाटलं. दादूनं आधी चाटलं, मग वरणात मीठ कमी घालावं का ह्याचा विचार करत उभा राहिला. समोरच्या दोन म्हाताऱ्या एका लाकडाची दोन टोकं धरून चाटत होत्या. उरणची पंचवीस आणि गावची साठ माणसं, नवे कपडे घातलेली, हातात लाकूड घेऊन एकमेकांना म्हणत होती, "सालीकडून चाट, सालीकडून!" मुलांना तर कोणी सांगायलाही लागलं नाही. आणि पहिली कोण हसली माहीत नाही, पण हसणं एकदा सुटल्यावर कोणाला आवरेना. बाळाजी हसता हसता गुडघा विसरून उठून उभे राहिले आणि उभेच राहिले.

"अगं कोकिळे," एक म्हातारी म्हणाली, "मला दोन दे गं ही. दृष्ट काढायला मीठ वेगळं नको."

"मलाबी दे चार. नातू लई किरकिर करतो."

कोकिळाबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्यांनी लाकूड चाटलं, दोनदा चाटलं, पण एवढ्यावर पटवून घेणाऱ्या त्या नव्हेत. त्यांनी न्हाणीतून शेगडी आणवली, जुन्या गंजीतल्या काटक्या तिच्यात घातल्या, फुंकून पेटवल्या. अंगणाच्या मधोमध पाट मांडला.

"बापू," त्या म्हणाल्या, "बसा."

हितेश बसला. त्या खोलीच्या दाराशी गेल्या, प्रणालीच्या हातातून बाळ घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या मांडीवर आणून ठेवलं.

"बघा आता. पोटभर बघा."

अंगण गप्प झालं. ऐंशी-पंच्याऐंशी माणसं शेगडीकडे कान लावून उभी. दादूनं चुलीतली लाकडं बाजूला ओढली. काटक्या जळत होत्या, आणि आवाज होता फक्त राखेत निखारा बसल्याचा. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेगडी मुकी ती मुकीच.

हितेशला ह्यातल्या कशाचंच भान नव्हतं. शेगडी आहे हेही तो विसरला होता. त्यानं हलक्या हातानं दुपटं सोडलं. डावा कान वरून दुमडलेला, खराच. कपाळावर लव. गालावर काजळ, हनुवटीवर काजळ, तळपायांवर काजळ, आणि राहिलेली सात बोटं, एकेक भुईमुगाच्या दाण्याएवढी. करंगळीवरचं नख तर मुंगीच्या डोळ्याएवढं. तो वाकत गेला, वाकत गेला, आणि मुलीनं तेव्हा डोळे उघडले. बारा दिवसांच्या बाळाला काय दिसतं कोण जाणे, पण तिनं बापाकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, बघतच राहिली, पापणी न हलवता, कपाळाला आठी घालून, हा कोण म्हणून.

हितेशचं तोंड उघडं राहिलं. त्याला हसायचं होतं, ते जमेना. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून दुपट्यावर गळायला लागलं, आणि ते पुसायला एक हातसुद्धा तिच्याखालून काढायला तो तयार नव्हता.

कोकिळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्या आत गेल्या आणि मूठ मिटून बाहेर आल्या. बाळाची दृष्ट काढणार, म्हणून बायका बाजूला सरल्या. पण त्या बाळाशी थांबल्या नाहीत. जावयाच्या समोर उभ्या राहिल्या आणि मीठ-मोहऱ्यांची मूठ त्याच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली.

"मला कशाला, आई?" हितेशनं कसंबसं विचारलं.

"गप बसा," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचाही आवाज फुटला. "लागली हाय तुमाला. तिची."

आणि त्यांनी मूठ शेगडीत रिकामी केली. तडतड तडतड असं काही तडतडलं की मुलगी दचकली, दोन्ही हात फेकून तिनं बापाचा अंगठा धरला आणि तो काही सोडला नाही.